पपई कुणी खावी, कुणी जपून खावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पपईबद्दल विचारणारी माणसं पुष्कळदा वेगवेगळ्याच वस्तूंबद्दल विचारत असतात. नाश्त्याची केशरी फोड, मटणाला चोळायचा हिरवा कीस, देठ मोडला की ठिबकणारा पांढरा चीक, डेंग्यूत पाजतात तो पाल्याचा रस, मधातून चाटवतात त्या बिया. या सगळ्याला आपण ‘पपई’ म्हणतो, आणि मग चिकाचं भय पिकल्या फोडीला चिकटतं, पिकल्या फोडीचा भोळा चेहरा पाल्याच्या रसाला मिळतो. म्हणून खालची उत्तरं वाचताना कोणत्या भागाबद्दल बोलणं चाललंय तेवढं ध्यानात ठेवा. औषधं चालू असतील, दिवस गेलेले असतील किंवा आधी कधी जबर अ‍ॅलर्जी आलेली असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारणं या पानाने टळत नाही.

पिकलेली पपई रोज खाल्ली तर चालते का?

चालते. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला वाटी-दीड वाटी फोडी, म्हणजे 150 ते 200 ग्रॅम गर, हे नेहमीचं खाणं आहे. 100 ग्रॅम गरात साधारण 40 कॅलरी आणि 60 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, चोथा असतो आणि पाणी भरपूर असतं. मध्यम पपई एकट्याने एका बैठकीत संपवली तर पोट ढिलं होईल, कळ येईल, गॅस होईल. त्याला विषबाधा म्हणू नका, हावरेपणा म्हणा.

जुलाब सुरू असताना मात्र पपई बाजूला ठेवा. बद्धकोष्ठाला जी गोष्ट उपयोगी पडते ती अशा वेळी उलटी पडते.

पण पपई ‘उष्ण’ असते ना? आयुर्वेदात सांगितलंय म्हणतात.

चरक आणि सुश्रुत यांना पपई माहीतच नव्हती. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांच्या वाटेने ते आशियात आलं आणि गोव्यामार्गे आपल्या परसात रुजलं. मिरची, बटाटा, पेरू, काजू, अननस यांचीही कथा तीच. संस्कृतात पपईला ‘एरंडकर्कटी’ म्हणतात; पानं एरंडासारखी दिसतात म्हणून मागाहून पडलेलं नाव आहे ते. नंतरच्या वैद्यांनी तिला उष्ण ठरवलं. त्यांच्या निरीक्षणाला किंमत आहेच, पण ‘हजारो वर्षांपासून सांगितलंय’ हे वाक्य पपईपुरतं तरी बाद करावं.

उन्हाळ्यात पपई खाल्ली की तोंड येतं, अंगावर पुटकुळ्या येतात, असं काहींचं म्हणणं असतं. तुमच्या बाबतीत दर वेळी तसंच होत असेल तर नका खाऊ. पपई न खाल्ल्याने कुणाचं काही अडत नाही. फक्त त्यावरून शेजारणीला बंदी घालू नका.

हा चीक म्हणजे नेमकं काय?

कच्च्या पपईच्या सालीत, देठात, पानात आणि खोडात पांढरा दुधासारखा चीक असतो. त्यात पपेन, कायमोपपेन अशी प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. झाडाच्या दृष्टीने ते संरक्षण आहे, कुरतडणाऱ्या किड्यांची तोंडं त्यानेच बंद होतात. फळ जसजसं पिकतं तसा चीक आटत जातो. पूर्ण पिकलेल्या पपईच्या गरात तो जवळजवळ उरत नाही. या पानावरच्या निम्म्या उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

चिकाचा धंदाही मोठा आहे. अडीच-तीन महिन्यांच्या हिरव्या फळांना सकाळी लवकर उभ्या, उथळ चिरा देतात, ठिबकणारा चीक गोळा करतात आणि वाळवून त्याची पपेनची भुकटी करतात. चिरा द्यायला साधं लोखंडी पातं वापरत नाहीत, चीक काळा पडतो. ही भुकटी मांस मऊ करायला, बिअर नितळ करायला, चामड्याच्या कामाला आणि औषधात जाते. खास चिकासाठी म्हणून कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाने सीओ 2, सीओ 5 अशा जाती काढल्या. जी वस्तू चामडं कमावायला कामी येते ती पोटात किती घ्यायची, याचा विचार ज्याने त्याने करावा.

दिवस गेल्यावर पपईची फोड खाल्ली. आता काय होईल?

पपई पूर्ण पिकलेली होती ना? मग घाबरू नका. हा प्रश्न बहुतेक वेळा रात्री अकरा वाजता, रडवेल्या आवाजात विचारलेला असतो, म्हणून उत्तर आधी दिलं. आता कारण.

2002 मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी गाभण उंदरांना पिकलेल्या पपईचा रस पाजून पाहिला. पिल्लांच्या संख्येत किंवा वाढीत लक्षात येण्यासारखा फरक दिसला नाही. उंदराच्या गर्भाशयाचा तुकडा वेगळा काढून त्यावर पिकल्या पपईचा रस टाकला, तेव्हाही तो आकुंचन पावला नाही. पण कच्च्या पपईचा चीक टाकल्यावर मात्र गर्भाशय जोरात आवळलं गेलं. प्रसूतीच्या कळा आणायला वापरतात त्या ऑक्सिटोसिन आणि प्रोस्टाग्लँडिन यांच्या परिणामाशी ते मिळतंजुळतं होतं.

उंदीर म्हणजे बाई नव्हे, हे खरं. गरोदर बायकांना मुद्दाम चीक पाजून प्रयोग कुणी करणार नाही. त्यामुळे शहाणपणाची वाट अशी: कच्ची आणि अर्धी पिकलेली पपई नऊ महिने पूर्ण टाळायची. पूर्ण पिकलेली, साल सगळी केशरी-पिवळी झालेली, दाबल्यावर किंचित नमणारी पपई थोडी खाल्ली तर तिच्यावर ठपका ठेवण्यासारखा पुरावा नाही.

अडचण बाजारात आहे. बाहेरून पिवळी दिसणारी पपई कापल्यावर देठाकडे पांढरट, कडक निघते. ती अर्धी कच्चीच. म्हणून पुष्कळ डॉक्टर सरळ ‘पपई नको’ म्हणतात. प्रत्येक पेशंटला पिकलेपणाची परीक्षा शिकवत बसण्यापेक्षा ते सोपं पडतं, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. आधी गर्भपात झाला असेल, रक्तस्राव होत असेल, मुदतीआधी कळा येण्याचा धोका सांगितला असेल तर पपईचा हट्ट कशाला? क जीवनसत्त्वाला पेरू आहे, आवळा आहे, मोसंबी आहे. आणि सासूबाई ‘नको’ म्हणत असतील तर त्यांच्याशी या एका फळावरून वाद घालण्याइतकी पपई थोर नाही.

एक फोड खाल्ल्यानंतर योगायोगाने गर्भपात झाला, तर ‘तिने पपई खाल्ली होती’ हे वाक्य त्या बाईला जन्मभर ऐकावं लागतं. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांमागे पुष्कळदा गर्भातल्याच गुणसूत्रांचा दोष असतो. तिने काय खाल्लं याचा हिशेब मांडू नका.

पाळी लांबलीय. कच्ची पपई खाऊन येईल का?

पाळी लांबली असेल तर आधी घरच्या घरी लघवीची तपासणी करा. औषधाच्या दुकानात पट्टी मिळते. दिवस गेलेले नसतील तर पपईने पाळी अलीकडे येते असा भरवशाचा पुरावा नाही. थायरॉइड, पीसीओडी, ताण, वजन अशी कारणं शोधायला हवीत.

दिवस गेलेले असतील आणि नको असतील, तर कच्ची पपई, चीक, बिया, काढे यांच्या नादी लागू नका. यातून गर्भ पडेलच याची खात्री नाही. अर्धवट पडला तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग जिवावर बेततो. आपल्याकडे 1971 पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करून घेता येतो. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हे माहीत नसल्यामुळे बायका अजूनही झाडाचा चीक काढायला जातात.

बाळंतिणीला चालते का?

पिकलेली चालते. शिजवलेली कच्ची पपई तर दूध वाढावं म्हणून दिली जाते. फिलिपिन्समध्ये कोंबडीच्या सुपात हिरव्या पपईचे तुकडे घालून बाळंतिणीला देतात. दूध खरोखर किती वाढतं हे बाजूला ठेवलं तरी गरम, पातळ, पोटभरीचं अन्न तिच्या पोटात जातं, ते चांगलंच.

कच्च्या पपईची भाजी, थालीपीठ, कोशिंबीर यांचं काय?

गरोदर नसलेल्या माणसाने खुशाल खावी. कच्ची पपई चिरण्याआधी सालीवर चार-पाच उभ्या चिरा द्या, पाण्यात थोडा वेळ पडू द्या, चीक निथळून जाईल. मग साल काढून, बियांकडचा पांढरा भाग खरवडून पुन्हा धुवा. पपेन साधारण 60-70 अंशांपर्यंत जोरात काम करतं, उकळत्या भाजीत मात्र निकामी होतं. त्यामुळे नीट शिजलेली भाजी आणि कच्चा कीस यांत फरक आहे.

मुंबईतल्या फरसाणवाल्याकडे फाफड्याबरोबर मिळतो तो पपईचा संभारा कढईत जेमतेम परतलेला असतो. चिमूटभर तोंडी लावायला त्याने काही होत नाही, पण गरोदर बाईने तो ‘शिजवलेला’ समजू नये. थायलंडची हिरव्या पपईची झणझणीत कोशिंबीर हल्ली शहरांतल्या हॉटेलांत मिळते, ती तर पूर्ण कच्चीच.

मटणाला कच्ची पपई लावतात. ती पोटातही तसंच ‘मऊ’ करत असेल का?

हा प्रश्न मला फार आवडतो. नाही. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्माचं अस्तर असतं, शिवाय आपलं स्वतःचं पेप्सिन तिथे रोज हेच काम करतं. मटण शिजताना पपेन निकामी होऊन जातं. किलोभर मटणाला सालीसकट वाटलेली पपई दोन चमचे पुरते. जास्त लावून रात्रभर ठेवलंत तर तुकड्यांचा लगदा होईल, एवढाच धोका.

अन्ननलिका मात्र जठराइतकी चिवट नाही. एकेकाळी घशाखाली मांसाचा तुकडा अडकला की डॉक्टर पपेनचं द्रावण प्यायला देत, तुकडा विरघळावा म्हणून. काही रुग्णांची अन्ननलिकाच फाटली आणि हा उपाय बंद पडला. काही अडकलं तर पपई भरवू नका, दवाखाना गाठा.

चीक हाताला लागला, डोळ्यात गेला तर?

हाताला लागला तर लगेच साबण-पाण्याने धुवा. नाजूक कातडीला लालसरपणा, खाज, कधी फोडही येतात. फणस चिरताना लावतो तसं हाताला तेल लावून घेतलं की चीक चिकटत नाही. शहादा, नंदुरबार, जळगाव भागात पपईच्या बागा मोठ्या आहेत; तोडणीला जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालावेत. देठाचा चीक नेमका मनगटावर ओघळतो.

डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटं धरा आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. दुखणं थांबलं तरी जा.

पपेनची कोरडी भुकटी हाताळणाऱ्या कामगारांना दमा जडल्याच्या नोंदी आहेत. तिथे मास्क न घालता काम करू नये.

चेहऱ्याला पपई लावली तर रंग उजळतो का?

पिकल्या गराने वरची मेलेली कातडी थोडी निघते, चेहरा तेवढ्यापुरता तुकतुकीत दिसतो. रंग तोच राहतो. कच्च्या पपईचा कीस चेहऱ्यावर थापू नका. वांगाचे डाग जायचे दूर, भाजल्यासारखे नवे डाग पडतात. चामखिळीवर चीक लावायची पद्धत जुनी आहे, पण तो आजूबाजूच्या चांगल्या कातडीलाही सोडत नाही. लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट पाहा. उघड्या जखमेवर तर नकोच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये जखमेवर लावायची पपेनची मलमं बाजारातून काढायला लावली, कारण काही रुग्णांना जबर अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब कोसळला होता.

पपईची अ‍ॅलर्जी असते का? कुणाला?

असते. सरसकट नाही, पण येते तेव्हा गंभीर होऊ शकते. फोड खाल्ल्यावर ओठ, जीभ, घसा खाजणं, अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं ही लक्षणं. आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली तर 108 ला फोन करा, घरगुती उपाय करत बसू नका.

रबराच्या हातमोज्यांनी, फुग्यांनी ज्यांना खाज येते त्यांनी विशेष जपावं. रबराच्या चिकातली काही प्रथिनं पपई, केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो यांतल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात, आणि शरीर एकीला समजून दुसरीवर धावून जातं. परिचारिका, दंतवैद्य, वारंवार शस्त्रक्रिया झालेली मुलं यांच्यात हे जास्त दिसतं.

ही अ‍ॅलर्जी केवढी होऊ शकते याचं एक उदाहरण. मणक्याची सरकलेली गादी विरघळवण्यासाठी कायमोपपेनचं इंजेक्शन थेट गादीत द्यायची पद्धत होती. अमेरिकेत 1982 मध्ये तिला मान्यता मिळाली. काही रुग्णांना तिथेच, टेबलावर, जबर अ‍ॅलर्जीचा झटका येई. 2003 मध्ये ते औषध तिथल्या बाजारातून गेलं.

डेंग्यूत पपईच्या पाल्याचा रस द्यावा का?

पावसाळा सरता सरता हा प्रश्न येतो आणि सोसायटीतल्या पपईच्या झाडावर एक पान उरत नाही.

पाल्याच्या रसावर अभ्यास झालेले आहेत, मलेशियात आणि भारतातही. काहींत प्लेटलेट्स थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं. भारतात पानांच्या अर्काच्या गोळ्या मिळतात आणि काही डॉक्टर त्या लिहूनही देतात. इथपर्यंत ठीक. पण डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्याने नाही. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळतो, त्याने दगावतो. प्लेटलेट्सचा आकडा वाढला आणि माणूस वाचला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पाल्याने होते असं अजून सिद्ध झालेलं नाही. प्लेटलेट्स तर आजाराच्या सहाव्या-सातव्या दिवसानंतर बहुतेकांच्या आपोआपच वाढू लागतात. त्याच दिवशी पाजलेल्या रसाला श्रेय मिळतं.

ताप उतरतो तो काळ सगळ्यात फसवा. घरचे म्हणतात, ‘बरं वाटतंय त्याला.’ आणि धोक्याचे 24 ते 48 तास नेमके तेव्हा सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून-नाकातून रक्त, गळून पडणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखान्यात न्या. तापाला पॅरासिटामॉलच द्यायचं, तेही डॉक्टर सांगतील तेवढं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

रसाचा थेट तोटा? तो विलक्षण कडू असतो, त्याने उलट्या होतात. डेंग्यूत पोटात पाणी टिकवणं हाच खरा उपचार असताना उलटी होईल असं काही पाजणं म्हणजे घरातल्या बादलीला आपणच भोक पाडणं. पानांत कार्पेन नावाचं अल्कलॉइड असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने हृदयाची गती मंदावलेली दिसली आहे. मिक्सरमधून काढलेल्या वाटीभर रसात ते किती आलं हे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय ते पान कुणाच्या बागेतलं, त्यावर फवारणी कधी झाली, हाही प्रश्न आहेच. गरोदर बाईला, लहान मुलाला, रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला हा रस देऊ नका. बाकीच्यांनीही द्यायचाच ठरवलं असेल तर निदान डॉक्टरपासून लपवू नका.

जंतांवर पपईच्या बिया चालतात का?

नायजेरियात 2007 मध्ये 60 मुलांवर झालेला एक छोटा अभ्यास आहे. वाळवलेल्या बियांची पूड मधातून दिलेल्या मुलांत जंत जाण्याचं प्रमाण नुसता मध दिलेल्या मुलांपेक्षा बरंच जास्त होतं. आशा वाटावी असा निकाल, पण अभ्यास लहान. आपल्याकडे अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी जंतनाशक दिनी अंगणवाडीत आणि शाळेत फुकट मिळते. ती असताना बियांचा घोळ का घालायचा, हे मला कळत नाही.

फळाबरोबर दोन-चार बिया गिळल्या गेल्या तर काही होत नाही. चावल्या तर मोहरीसारख्या झोंबतात, कारण दोन्हींत आयसोथायोसायनेट या एकाच कुळातली तिखट द्रव्यं असतात. चमचे-चमचे पूड महिनोन्‌महिने खाणं वेगळं. जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात नर लंगुरांना बियांचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या वीर्यातले शुक्रजंतू नाहीसे झाले. अर्क बंद केल्यावर परत आले. मूल हवं असलेल्या पुरुषाने ‘डिटॉक्स’ म्हणून बिया खाऊ नयेत. मूल नको असलेल्याने त्यांच्या भरवशावर राहू नये.

मिऱ्यात पपईच्या बिया मिसळतात, त्या ओळखायच्या कशा?

पेलाभर पाण्यात मिरी टाका. चांगली मिरी बुडते, पपईची वाळकी बी तरंगते.

मधुमेह आहे. पपई चालेल?

चालेल, मापात. 100 ग्रॅम गरात साधारण 8 ग्रॅम साखर. छोटी वाटीभर फोडी, जेवणाच्या मधल्या वेळेत, रस न काढता. खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासून पाहा. तुमचं ग्लुकोमीटर कुठल्याही तक्त्यापेक्षा खरं सांगेल. पपईने मधुमेह बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या, गोळ्या सोडू नका.

किडनीचा त्रास असेल तर?

100 ग्रॅम पपईत 180 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, केळ्याच्या साधारण निम्मं. पोटॅशियम वाढलेलं असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर किती फोडी हे आहारतज्ज्ञच ठरवतील.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत.

वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकूमॅरॉल घेत असाल तर पपेनच्या गोळ्या, पाल्याचा अर्क, पपईची कुठलीही ‘पूरक’ पावडर डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. रक्त जास्त पातळ होण्याचा धोका सांगितला जातो. जेवणातली थोडी पिकली पपई सहसा अडचण करत नाही. आज किलोभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असं मात्र करू नका. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर अशी पूरकं निदान दोन आठवडे आधी बंद करा.

औषधाच्या दुकानातलं पाचक सिरप आणि पपई यांचा काय संबंध?

लेबल वाचा. पुष्कळ पाचक गोळ्यांत आणि सिरपमध्ये ‘पपेन’ आणि ‘फंगल डायस्टेज’ लिहिलेलं सापडेल. ज्यांना पपईची अ‍ॅलर्जी आहे ते पपई कटाक्षाने टाळतात आणि लग्नाच्या पंगतीनंतर हे सिरप बिनदिक्कत पितात.

तळवे पिवळे झालेत. कावीळ आहे का?

रोज भरपूर पपई आणि गाजर खात असाल तर कॅरोटीनमुळे तळहात-तळपाय पिवळट होतात. आरशात डोळ्यांचं पांढरं पाहा. ते पांढरंच असेल आणि लघवी नेहमीसारखी असेल तर हे बहुधा फळाचं देणं आहे, काही आठवड्यांत जाईल. डोळे पिवळे असतील तर ती कावीळ समजून तपासणी करा.

बाळाला पपई केव्हापासून द्यावी?

सहा महिने पूर्ण झाल्यावर, वरचं अन्न सुरू केलं की. पूर्ण पिकलेली, बिया काढून, काट्याने कुस्करून, पहिल्या दिवशी एक चमचा. दोन-तीन दिवस नवीन दुसरं काही देऊ नका, म्हणजे पुरळ उठलं तर कशाने ते कळेल.

दूध आणि पपई एकत्र घेतलं तर कोड होतं का?

कोडाचा यात काहीही संबंध नाही. पपेन दुधातली प्रथिनं तोडतं, त्यामुळे मिल्कशेक ठेवून दिला तर कडू होतो आणि फाटल्यासारखा दिसतो. केला की लगेच पिऊन टाका. जिलेटिनच्या जेलीत ताजी पपई घातली तर जेली घट्ट होत नाही, त्यामागेही हीच करामत आहे.

रिकाम्या पोटी? रात्री?

चालते. पोटात जळजळत असेल तर जेवणानंतर खा.

कार्बाइडने पिकवलेली पपई कशी ओळखायची?

खात्रीने ओळखता येईल अशी घरगुती परीक्षा नाही. साल सगळीकडे एकसारखी पिवळी, पण आत गर टणक, वास नाही, चव पाणचट, असं असेल तर शंका घ्यावी. सालीवर करडी-पांढरी भुकटी दिसली तर घेऊच नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायूने, ठरावीक मर्यादेत पिकवायला मात्र परवानगी आहे, आणि त्यात वावगं काही नाही. फळ स्वतः पिकताना तोच वायू सोडतं.

सालीवर पिवळ्या रेघा फुटलेली पपई आणा, कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस घरातच ठेवा. पिकली की फ्रिजमध्ये. कापण्याआधी अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढायची असली तरीसुद्धा, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. अमेरिकेत 2017 मध्ये मेक्सिकोहून आलेल्या पपयांमुळे साल्मोनेला पसरून 200 हून अधिक माणसं आजारी पडली होती. एस. टी. स्टँडबाहेर सकाळपासून कापून ठेवलेल्या, मसाला भुरभुरलेल्या फोडींबद्दल याहून वेगळं काय सांगू?

ही लाल गराची पपई जीएम असते का?

नाही. तैवान 786, रेड लेडी हे साधे संकरित वाण आहेत. लाल रंग लायकोपिनचा, टोमॅटोत असतं तेच. जनुकं बदललेली पपई 1998 पासून हवाई बेटांवर लावतात, कारण तिथल्या बागा रिंगस्पॉट विषाणूने बसल्या होत्या. आपल्याकडे तशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही.

टूटीफ्रूटी खाल्ली तर?

टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपईच. चीक काढून घेतलेली फळं चौकोनी चिरून, उकडून, साखरेच्या पाकात मुरवतात आणि लाल-हिरवा रंग चढवतात. चीक गेलेला, उरलासुरला शिजण्यात निकामी झालेला. तेव्हा पपई म्हणून भ्यायचं कारण नाही. भ्यायचं ते साखरेला. नऊ महिने पपईच्या सावलीलाही उभं न राहिलेल्या किती जणींनी त्याच नऊ महिन्यांत डोहाळजेवणाच्या केकमधली टूटीफ्रूटी वेचून वेचून खाल्ली असेल, देव जाणे.